पेन्सिलीनं लिहिलेलं पोर्ट ब्लेअर

तंजावूर
रविवार, १० ऑक्टोबर १९९३

प्रिय अक्का,

आधी एक विनंती. हे पत्र मधेच घाबरून बाजूला ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच. दुसरी विनंती अशी की लाल पेन्सिल घेऊन बसू नकोस. प्रत्येक ओळ मी आधी रफ वहीत लिहितोय, तू पाठवलेल्या शब्दकोशात बघतोय आणि मगच इथं उतरवतोय, पण आज पेन शब्दकोशाच्या पुढं पळतंय. एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली तर या वेळेपुरती सोडून दे. बातमी अशी की आम्ही तुझ्या बेटावर यायचा बेत करतोय. आम्ही म्हणजे मी, आई आणि अप्पा. हो, अप्पासुद्धा. ज्यांनी नऊ वर्षांत तुझं नाव तोंडातून काढलं नाही, ज्यांनी रेशनकार्डावर तुझ्या नावाशी पट्टी लावून शाईची सरळ रेघ मारली, तेच आपले अप्पा. तू आता उभी राहिली असशील. बस. पाणी पी. मी सगळं क्रमानं सांगतो. मला दुसऱ्या कुठल्या रीतीनं सांगताच येत नाही, हे तुला माहीतच आहे.

अप्पा येत्या मे महिन्यात पोस्टातून निवृत्त होतात. सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा घरच्यांना घेऊन देशात कुठंही जाऊन यायची सवलत असते. अप्पांनी पस्तीस वर्षांत ती एकदाही घेतली नाही. सुट्टी म्हणजे घरी बसून फ्यूज बदलायचा दिवस, असं त्यांचं मत. पण गेल्या वर्षी पार्सलच्या खिडकीवरचे राममूर्ती या सवलतीत अंदमानला जाऊन आले आणि येताना पंज्याएवढा शंख घेऊन आले. त्यात त्यांनी विजेचा दिवा बसवला. तेव्हापासून पोस्टात दुसरा विषय नाही. जो तो त्यांच्या घरी जातो, दिवा लावून बघतो, बंद करून बघतो आणि घरी येऊन बायकोला सांगतो. आईनंही दोनदा बघितलाय. ऑगस्टमध्ये एका दुपारी अप्पा आमच्या दुकानात आले. गोपालकृष्ण सारांचं टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट आता तुला ओळखू येणार नाही. दोनच मशिनं राहिलीत. बाकी जागेत झेरॉक्स, एस.टी.डी.ची काचेची खोली आणि कोपऱ्यात लोकांचे फॉर्म भरून देणारा मी. नववी नापास माणसाकडून हेडमास्तरसुद्धा फॉर्म भरून घेतात, कारण मी खाडाखोड करत नाही. अप्पांनी सवलतीचा फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भर रे वरुणा. राममूर्तीनं स्वतः भरला तर तीनदा परत आला म्हणे." मी भरत गेलो. 'कुठं जाणार' हा रकाना आला तसं मी वर बघितलं. "ती जागा मी लिहितो," म्हणाले. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि टपालाच्या खणांवर लिहितात तशा मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पोर्ट ब्लेअर. पेन्सिलीनं, अक्का! सरकारी फॉर्मवर! मी म्हणालो, "अप्पा, शाई लागते." "कळतं मला," म्हणाले आणि फॉर्मची घडी करून खिशात ठेवून गेले.

त्या दिवशी मी एका बाईच्या अर्जाची झेरॉक्स सात वेळा काढली, तिला एकच हवी होती. मला वाटलं, अप्पांना त्या शंखानं घेरलंय, आणि शेकडो बेटं असलेल्या त्या समुद्रात आपली लेक नेमकी कुठं आहे हे त्यांना ठाऊकच नाही. आईला आणि मला ठाऊक होतं. तू पापनाशमच्या भातगिरणीत इंजिन दुरुस्तीला आलेल्या सुब्रमण्यम भावोजींशी लग्न करून गेलीस, ती कुठं गेलीस हे अप्पांनी विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. वर्षभरानं तुझं पहिलं पत्र गोपालकृष्ण सारांच्या पत्त्यावर आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत सगळं देवनागरी. केवढी हुशारी वाटली होती आपल्याला! तंजावूरच्या बाकीच्या मराठी माणसांसारखेच अप्पा दिवसभर मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की तमिळ नाहीतर इंग्रजी. एखादं पत्र घरात उघडं पडलं तरी त्यांच्या लेखी त्या नुसत्या दोरीवर वाळत घातलेल्या काड्या. तू हिंदी सभेच्या परीक्षांसाठी ती अक्षरं शिकलीस आणि मला दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर शिकवलीस. ओलं बोट सिमेंटवर फिरवून 'क' काढायचीस आणि म्हणायचीस, वाळायच्या आत वाच. तंजावूरच्या उन्हात किती वेळ मिळणार? शाळेत मला काही जमलं नाही, पण तेवढं मी पटकन शिकलो. तुझं पत्र आलं की अप्पा ड्यूटीवर असताना मी आईला वाचून दाखवतो. ती स्वयंपाकघरातून ऐकते आणि मधेच "अय्यो, तो भाग परत वाच" म्हणते. तुझ्या लेकीला, वाणीला पहिला दात आला तो भाग मी अकरा वेळा वाचलाय.

तर भीती एकीकडे आणि आनंद दुसरीकडे, असे दोन महिने गेले. आनंद जास्त, हे कबूल करतो. मी मद्रासच्या जहाज कचेरीला तीन पत्रं घातली आणि एकाचं उत्तर आलं. पोंगल झाल्यावर, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक जहाज आहे. तोवर इकडचा पाऊस आणि वादळाचे दिवस संपलेले असतात. इथून गाडीनं मद्रासचं एग्मोर स्टेशन, एक दिवस आईच्या मावसबहिणीकडे, मग बंदर, मग पुरे तीन दिवस समुद्र. अक्का, तीन दिवस! मी आजवर नागपट्टणमला उभं राहून समुद्र बघितलाय तेवढाच. शाळेच्या नकाशावर पातळ कागद ठेवून मी तुझी सगळी बेटं उतरवून घेतली. छापील नकाशात ती माशीच्या पायांएवढी होती, म्हणून परत मोठी करून काढली, आणि मायाबंदर व पोर्ट ब्लेअर या तुझ्या जुन्या-नव्या दोन ठिकाणी लाल टिंब दिलं. तो कागद माझ्या उशीखाली असतो. गोपालकृष्ण सारांनी छपरावर डिश बसवली आहे. त्यांच्याकडच्या टीव्हीवर कधी नारळीची झाडं आणि निळं पाणी दिसलं की ते हाक मारतात, "वरुणा, तुझी अक्का दिसते का बघ!" चेष्टा करतात, पण मी खरंच बघतो. काचेच्या तळाची बोट असते आणि पायाखाली मासे दिसतात, असं तू लिहिलं होतंस. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, काचेवर पाय ठेवायचा नाही, माशांना दृष्ट लागेल. ती जहाजात तीन दिवस पुरेल एवढा चिंचेचा भात, पुळियोदरै नेणार आहे. उलटी होऊ नये म्हणून सुंठ. तुला आवडते म्हणून डांगर पचडीचं पीठ. आणि तिरुवैयारुहून कावेरीचं पाणी, पाच लिटरच्या कॅनमध्ये. मी म्हणालो, तिथं पाणी असतं. म्हणाली, "असेल, पण त्यात माझ्या लेकीचा भात शिजलेला नाही." मी कॅन धुऊन ठेवला.

आता माझा मूर्खपणा सांगतो, म्हणजे तू हसशील. अप्पांना न सांगता तुमची भेट कशी घडवायची याचा मी वेळेसकट बेत लिहून काढला होता. तुमच्याकडे पाच वाजताच सूर्य बुडायला लागतो हे तू लिहिलेलं लक्षात होतं, म्हणून सगळं दुपारी साडेतीनला धरलं. किनाऱ्यावर अप्पांना नारळपाणी द्यायचं. नारळ दोन्ही हातांत असला की माणूस एकदम उठून चालू लागत नाही. मग तू वाणीला घेऊन डावीकडून यायचं, सहज फिरायला निघाल्यासारखं. भावोजींनी झाडाआड थांबायचं आणि मी रुमाल हलवला तरच पुढे यायचं. रुमाल पांढरा की रंगीत, यावर माझं आठ दिवस ठरत नव्हतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आणि त्यांनी नारळच फेकून मारला तर?" त्यावर मी तेविसावी सूचना लिहिली : नारळ लहान घ्यावा.

हा बेत मी तुला पाठवणारच होतो. पाकिटावर पत्ता लिहून झाला होता. पण गेल्या मंगळवारी संध्याकाळी सगळं बदललं. आई तिण्णैवर उजेडाला बसून वाणीसाठी परकर शिवत होती. तिची ती जुनी कुंभकोणमची रेशमी साडी, मोरपिशी, जरीकाठाची, आठवते ना? ती कापून. मी नुकताच दुकानातून आलो होतो, एक चप्पल पायात आणि एक हातात. तेवढ्यात अप्पांची सायकल दारात. रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर! आईनं परकर सुपाखाली सारला, पण जरीचा काठ बाहेर राहिला. अप्पांनी सायकल लावली, नेसलेली वेष्टी सारखी केली आणि विचारलं, "ते काय?" आई म्हणाली, "उशीचा अभ्रा." अप्पांनी सूप बाजूला केलं, परकर उचलला, उलटा केला, सुलटा केला. "उशीला नाडी असते होय?" म्हणाले. मी एका पायावर उभा. अप्पा त्या परकराकडे बघत राहिले आणि मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "म्हणजे मुलगी आहे." मग पायरीवर बसले, परकर मांडीवर पसरला, वीत लावून मोजला आणि आईकडे सरकवला. "आखूड आहे. सहा वर्षांच्या पोरीला हा गुडघ्यापर्यंत येईल. खालची दुमड सोड."

अक्का, आईनं परकर ओढून घेतला आणि विचारलं, सहा वर्षांची कशावरून? अप्पा म्हणाले, "चार वर्षांमागं दिवाळीच्या सुमाराला गोपालकृष्णच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. पाठीवर तांबड्या खडूच्या रेघोट्या. मोठं माणूस पाकिटावर रेघोट्या मारत नाही. पाच वर्षांचं पोर नुसत्या रेघोट्या मारत नाही, घर काढतं, सूर्य काढतं. म्हणजे दोन वर्षांचं. दोन आणि चार सहा." तुला आठवतं? त्या पत्रात तू माफी मागितली होतीस, वाणीनं पाकीट खराब केलं, दुसरं घरात नाही, म्हणून तसंच पाठवते. तेच ते पाकीट. अगं, आपण दोघं किती वेडे! टपालातल्या माणसापासून पत्रं लपवली आणि तीही टपालानं! तंजावूर गावात येणारं प्रत्येक पाकीट सकाळी अप्पांच्या हातून खणात पडतं, हे लहानपणापासून माहीत असून आपल्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. आत देवनागरी लिहिलं की झालं, असं समजून बसलो. अप्पांना आतलं वाचायची गरजच नव्हती. पहिल्या चार वर्षांत शिक्का मायाबंदरचा, मग पोर्ट ब्लेअरचा, म्हणजे तिच्या नवऱ्याची बदली झाली, चांगल्या जागी झाली. पावसाळ्यात पत्र वीस दिवसांनी, एरवी बारा दिवसांनी. पत्ता लिहिताना तू गोपालकृष्णमधला इंग्रजी 'जी' अजून शाळेतल्यासारखाच शेपटी लांब सोडून काढतेस. हे सगळं ते वेष्टीच्या काठाशी चाळा करत सांगत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गेल्या मार्चमधल्या पाकिटावर ओळ खाली घसरली होती. आजारी होती का रे ती?" तुझ्या मलेरियाचं मी आईला सांगितलं नव्हतं. तो भाग मी वाचताना गाळला होता. त्यामुळे तिथंच आईनं मला आधी धरलं, आणि मला सोडल्यावर अप्पांना. "एवढं सगळं कळत होतं तर इतकी वर्षं तोंड शिवून का बसलात? एका शब्दानं विचारलं असतं तर काय पोस्ट बंद पडलं असतं?" मी आईला अप्पांशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अप्पांनी चष्मा काढून वेष्टीच्या काठानं पुसला. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या नावचं टपाल. विचारणारा मी कोण? माझ्या नावाचं एकही नव्हतं."

यावर आई आत गेली आणि कॉफी घेऊन आली. कॉफीचा पेला, डबरा त्यांच्या हातात दिला नाही, पायरीवर आपटून ठेवला, पण साखर रोजच्यापेक्षा जास्त घातली होती, हे मला त्यांचा चेहरा बघून कळलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुजबुज बंद झालीय. आई मोठ्यानं विचारते, वाणीला तिखट चालतं का, तिचे केस लांब आहेत का, आणि मी मोठ्यानं उत्तर देतो, आणि अप्पा पेपर वाचतात, पण पान उलटत नाहीत. परकराची दुमड सोडून झाली. काल अप्पांनी बाजारातून मान डोलावणारी बाहुली आणली, लहान, हातात मावेल एवढी. जहाजात फुटू नये म्हणून जुन्या मेलबॅगेच्या कापडात गुंडाळून, सुतळी बांधून, गाठीवर लाख लावून ठेवलीय. रजिस्टर पार्सलच बघ. जानेवारीअखेर तिरुवैयारुला कावेरीकाठी गाण्याचा उत्सव असतो आणि त्यांनी तो माझ्या आठवणीत एकदाही चुकवलेला नाही. मी भीत भीत विचारलं, तेव्हा म्हणाले, "कावेरी कुठं पळून जाते? पुढल्या वर्षी आहेच."

आता हे पत्र मी का लिहितोय ते सांगतो. मंगळवारी कॉफी संपल्यावर अप्पांनी तो फॉर्म खिशातून काढून माझ्यापुढे धरला. पोर्ट ब्लेअर अजून पेन्सिलीतच. मी पेन उघडलं, तर माझा हात धरला. म्हणाले, "शाई नको. तिला लिही. आम्ही येऊ का, एवढं विचार. नको म्हणाली तर हे पुसून कन्याकुमारी लिही. तिथंही समुद्र आहे." अक्का, मी तुला येतो म्हणून कळवत नाहीये. अप्पा विचारतायत. फॉर्म पंधरा नोव्हेंबरच्या आत द्यायचा आहे. हे पत्र बारा दिवसांनी तुला मिळेल, तुझं उत्तर बारा दिवसांनी इथं येईल, आणि वादळासाठी मी दहा दिवस हातचे ठेवलेत. तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. ती शाईची रेघ तुझ्या नावावर मारली होती, माझ्या नाही. पण उत्तर या वेळी गोपालकृष्ण सारांच्या पत्त्यावर धाडू नकोस. घरच्या पत्त्यावर धाड, वर अप्पांचं पूर्ण नाव लिहून : श्री. तुळजारामराव. आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल, त्यांना ते वाचता येणार नाही आणि मला वाचायला सांगणार नाहीत. नको असेल तर कोरं पाकीट पाठव. या, असं म्हणायचं असेल तर पाकिटाच्या पाठीवर वाणीला हवं ते काढू दे, घर, सूर्य, काय ते. सकाळी टपाल लावताना ते त्यांच्या हातात येईल आणि कोणत्या खणात टाकायचं हे त्यांना पहिल्यांदाच सुचणार नाही. फक्त रंग गडद असू दे. अप्पांचा चष्मा जुना झालाय.

पेन उघडं ठेवून वाट बघणारा, तुझाच
वरुण